अंड्याचे दोन हिशेब

काटकसर हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें कमी तूप, कमी साखर आणि बेचव पदार्थ हेंच चित्र उभें राहतें. वास्तविक काटकसर आणि कंजुषी या दोन निराळ्या गोष्टी होत, आणि त्यांतील भेद फ्रेंच मिठाई करणाराच्या स्वयंपाकघरांत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. तो लोणी घालतांना हात आखडीत नाहीं. साखर तराजूंत मोजून घेतो, पण चोरून घालीत नाहीं. अंड्याच्या बाबतींत मात्र त्याचा जमाखर्च असा चोख असतो कीं, सकाळीं फोडलेल्या अंड्याचा कोणताहि भाग संध्याकाळीं हिशेबाबाहेर राहिलेला आढळूं नये. हा जमाखर्च कसा मांडतात, आणि आपल्या घरचा लहान ओव्हन, आपलीं अंडीं व आपली दमट हवा यांच्याशीं तो कसा जुळवून घ्यावा, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ घरीं ओव्हन आले, आणि त्यांबरोबर मेरिंग, एक्लेअर, मॅकरून हीं नांवेंहि आमच्या मुलींच्या तोंडीं बसलीं. नाताळाच्या सुमारास वर्गांत एक प्रश्न हटकून येतो : "बाई, मेरिंग केल्यावर उरलेल्या पिवळ्या बलकांचें काय करायचें?" प्रश्न चांगला आहे, परंतु त्याची वेळ चुकलेली असते. तो अंडें फोडल्यानंतरचा नव्हे, अंडें फोडण्यापूर्वींचा प्रश्न आहे. मेरिंग करावयाचें ठरतें त्याच क्षणीं बलकाचा पदार्थहि ठरलेला असावा; कस्टर्ड करावयाचें ठरलें तर पांढऱ्या भागाची सोय आधीं लावलेली असावी. फ्रेंच पाककलेंतील अंड्याची सारी काटकसर या एका वेळेच्या फरकांत आहे. बाकीचा सर्व तपशील.

सोयीसाठीं या लेखांत पांढऱ्या भागास 'पांढरें' व पिवळ्या भागास नुसतें 'बलक' म्हणूं. मध्यम आकाराच्या अंड्याचें कवच काढल्यावर सुमारें ५० ग्रॅम ऐवज हातीं येतो. त्यांत पांढरें ३० ग्रॅमच्या व बलक १८ ग्रॅमच्या आसपास असतो. निसर्गानें हे दोन पदार्थ एका कवचांत ठेविले खरे, पण त्यांचा स्वभाव अगदीं भिन्न. पांढऱ्यांत शंभरापैकीं अठ्ठ्याऐंशीच्या आसपास भाग पाणी, दहा-अकरा भाग प्रथिनें, आणि स्निग्धांश जवळजवळ नाहींच. बलकांत पाणी निम्मेंच. चतुर्थांशाहून अधिक भाग स्निग्ध, आणि उरलेला बहुतेक प्रथिनांचा. अंड्यांतील अ व ड हीं जीवनसत्त्वें आणि बहुतेक लोह बलकांतच असतें. पांढरें हवा धरून ठेवतें. बलक दुधाला दाटपणा आणि तुपाला व पाण्याला एकत्र नांदण्याची बुद्धि देतो. म्हणून फ्रेंच आचारी 'अंडें' असा एकच जिन्नस मानीत नाहीं. त्याच्या लेखीं ते दोन जिन्नस असून केवळ एका वेष्टनांत येतात.

एका लग्नघरीं केकच्या शुभ्र साखरी लेपासाठीं दोन डझन अंडीं फोडलेलीं मीं पाहिलीं. पांढरें कामास आलें आणि चोवीस बलक एका बादलींत जमून शेवटीं मोरींत गेले. त्या बादलींत सुमारें ६५ ग्रॅम प्रथिनें होतीं. मागच्या दारीं भांडीं घासण्यास आलेल्या बाईंचीं तीन मुलें बसलीं होतीं. कोणी दुष्ट नव्हतें. कोणाला कांहीं सुचलें नव्हतें, इतकेंच.

फ्रान्समध्यें हें 'सुचणें' पिढ्यान् पिढ्यांचें आहे, आणि त्यांत धर्ममठांचा वाटा मोठा आहे. प्रथम मेरिंगचीच गोष्ट घेऊं. एक आख्यायिका अशी कीं, १७२० च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील मायरिंगन गांवीं गास्पारिनी नांवाच्या मिठाईवाल्यानें तें प्रथम केलें व गांवाचें नांव पदार्थास मिळालें. गोष्ट गोड आहे, पण तारखेपुढें टिकत नाहीं. फ्रांस्वा मासियालो याच्या १६९२ सालच्या मिठाईवरील पुस्तकांत हें नांव आधींच छापलेलें आहे. मॅकरूनची हकीकत अधिक भरंवशाची. फ्रान्सच्या ईशान्येस नान्सी नांवाचें शहर आहे. राज्यक्रांतीच्या काळांत, १७९२ सालीं, सरकारनें धर्मभगिनींचे मठ बंद केले, तेव्हां तेथील मार्गरीत गायो व मारी एलिझाबेत मोर्लो या दोन भगिनी निराश्रित झाल्या. त्यांनीं मठांत शिकलेली एक विद्या उदरनिर्वाहासाठीं उपयोगांत आणली : बदाम, साखर व अंड्याचें पांढरें यांचे मॅकरून करून त्या विकूं लागल्या. लोक त्यांस 'मॅकरून भगिनी' म्हणूं लागले, आणि १९५२ सालीं त्या शहरांतील एका रस्त्यास त्यांचेंच नांव देण्यांत आलें. आज दुकानांत दिसणारे रंगीबेरंगी, मध्यें क्रीम भरलेले दुहेरी मॅकरून निराळे. नान्सीचा मॅकरून एकेरी, साधा आणि वरून तडकलेला असतो. करावयास सोपा, आणि माझ्या मतें खावयासहि अधिक चांगला.

नैर्ऋत्येकडील बोर्दो शहरीं हिशेब उलट बाजूनें चालतो. तेथें तांबडा द्राक्षासव निवळण्यासाठीं पिंपांत अंड्याचें पांढरें घालण्याची जुनी रीत आहे. २२५ लिटरच्या पिंपास तीन ते सहा अंड्यांचें पांढरें लागतें. तें आसवांतील तुरट द्रव्यांना बिलगून तळाशीं बसतें. अशीं शेंकडों पिंपें असलीं म्हणजे बलकांच्या राशी पडतात. दूध, मैदा, साखर व बलक यांचे, बाहेरून काळसर कुरकुरीत व आंतून मऊ असे 'कानले' नांवाचे लहान केक या राशींतून जन्मले, असें तेथील परंपरा सांगते.

आपल्या शेजारच्या गोव्यांत बेबिंका करितात तिच्यांतहि बलकांचेंच राज्य आहे : नारळाचें दूध, साखर, थोडा मैदा, तूप आणि पुष्कळ बलक, एक थर भाजून त्यावर दुसरा. ही बलकप्रधान मिठाईची रीत पोर्तुगालच्या मठांकडून आलेली. तिकडे पांढरें कपड्यांच्या खळीस लागे, असें सांगतात. आतां खळीस कोणी अंडें वापरीत नाहीं. मग बेबिंका करणाऱ्या घरीं पांढऱ्याचें काय होतें? तमिळनाडूंत तुतिकोरिन बंदरीं बदामाऐवजीं काजू घालून पांढऱ्याचे मॅकरून करितात. काजू गोव्याच्या अंगणांतलाच. बेबिंकेच्या पांढऱ्यास याहून चांगलें स्थळ शोधून सांपडावयाचें नाहीं.

आतां कृतीकडे वळूं. ज्या विद्यार्थिनीस दोन हिशेबांची ही पद्धति एकाच पदार्थांत शिकावयाची असेल, तिनें फ्रेंच लोक ज्यास 'ओ आ ला नेज', म्हणजे 'हिमांतलीं अंडीं', म्हणतात तो पदार्थ प्रथम करावा. त्यास ओव्हन लागत नाहीं, लोणी लागत नाहीं. चार अंडीं, अर्धा लिटर दूध व साखर एवढ्यांत सहा जणांचें गोड होतें. चार अंड्यांचें पांढरें फेटून फेसाळलें कीं त्यांत ४० ग्रॅम बारीक साखर थोडी थोडी घालून घट्ट फेस करावा. पसरट पातेल्यांत दूध तापवून तें उकळूं न देतां नुसतें थरथरत ठेवावें. दोन चमच्यांच्या साहाय्यानें फेसाचे लांबट गोळे दुधावर सोडावे, एक-दोन मिनिटांनीं उलटावे, तितकाच वेळ दुसरी बाजू शिजूं द्यावी, आणि झाऱ्यानें काढून स्वच्छ कापडावर निथळत ठेवावे. दूध खळखळां उकळलें तर गोळे फुगतात आणि बाहेर काढतांच चिपाडासारखे बसतात.

आतां तेंच दूध गाळून मोजावें व कमी झालें असेल तर भर घालावी. चार बलक ८० ग्रॅम साखरेबरोबर घोटून त्यांवर गरम दूध धारेनें ओतावें, आणि सगळें पुन्हां मंद आंचेवर ठेवून पळीनें सतत ढवळीत राहावें. ८२ ते ८३ अंशांच्या सुमारास मिश्रण दाटतें. ८५ च्या पुढें गेल्यास बलक फाटून कण दिसूं लागतात. उष्णतामापक नसेल तर पळीच्या पाठीवर बोटानें रेघ ओढून पाहावी. रेघ मिटली नाहीं कीं भांडें ताबडतोब उतरवून थंड पाण्यांत ठेवावें. थंड झालेल्या या पिवळ्या दाट दुधावर ते पांढरे गोळे तरंगत सोडून वर तांबूस साखरेच्या पाकाची धार धरावी. ज्या दुधांत पांढरें शिजलें त्याच दुधांत बलक दाटला. बाहेर उरलीं तीं फक्त कवचें.

कोरड्या, कुरकुरीत मेरिंगची गोष्ट मात्र इतकी सरळ नाहीं, आणि बहुतेक अंडीं वायां जातात तीं याच वाटेवर. म्हणून तिची कारणमीमांसा थोडी विस्तारानें देतें.

पांढरें फेटलें म्हणजे त्यांतील प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोंवतीं एकमेकांचे हात धरून उभ्या राहतात. स्निग्ध पदार्थ तेथें आला तर तो त्यांच्या मध्यें घुसतो आणि हात सुटतात. बलकाचा एक थेंब, भांड्याला राहिलेला तुपाचा ओशटपणा, किंवा कालच्या लोण्याचा वास असलेला प्लॅस्टिकचा वाडगा, यांपैकीं एकहि गोष्ट फेस बसविण्यास पुरते. म्हणून फ्रेंच स्वयंपाकघरांत तीन भांडीं मांडून अंडीं फोडतात. एका लहान वाटींत एकाच अंड्याचें पांढरें पाडावयाचें, तें स्वच्छ दिसलें तरच मोठ्या भांड्यांत घालावयाचें, बलक तिसऱ्यांत. पांचव्या अंड्याचा बलक फुटला तर नुकसान त्या एकाच अंड्याचें. तेंहि नुकसान नव्हे. तें सकाळच्या ऑम्लेटांत जातें. अंडीं थंड असतांना फोडावींत, कारण तेव्हां बलक घट्ट असून चटकन फुटत नाहीं. फेटावयाचीं मात्र पांढरें खोलीच्या उबेस आल्यावर. कवचाच्या आंत चिकटून राहिलेलें पांढरें बोटानें निपटून घ्यावें. दिसावयास तें थोडें, पण डझनभर अंड्यांत लक्षांत येण्याजोगें असतें.

प्रथिनांचे हात सैल असतील तर फेस बसतो हें खरें, पण ते फार घट्ट धरले तरीहि बिघडतें. वाजवीपेक्षां जास्त फेटलेला फेस दाणेदार होतो व तळाशीं पाणी सोडतो. यावर युरोपांतील आचाऱ्यांचा जुना उपाय म्हणजे बिनकल्हईचें तांब्याचें भांडें. त्याचें कारण पुष्कळ काळ कोणास नीट सांगतां येत नव्हतें. १९८४ सालीं हॅरॉल्ड मॅगी व त्याचे सहकारी यांनीं 'नेचर' या नियतकालिकांत दाखविलें कीं, पांढऱ्यांतील एक प्रथिन तांब्याचे सूक्ष्म कण पकडतें व त्यामुळें फेस टिकाऊ होतो. आपल्याकडे तांब्याचीं भांडीं आहेत म्हणून कोणी हुरळून जाऊं नये. आपलीं स्वयंपाकाचीं भांडीं कल्हई केलेलीं असतात, आणि कल्हईवर हा गुण येत नाहीं. बिनकल्हईच्या भांड्यांत आंबट वस्तु नेणें तर सर्वथा वर्ज्य. स्टीलचें भांडें घ्यावें आणि दर पांढऱ्यास लिंबाच्या रसाचे चार-पांच थेंब घालावे. तेंच काम दमडीच्या खर्चांत होतें.

साखरेचें प्रमाण एका पांढऱ्यास ६० ग्रॅम, म्हणजे वजनाच्या दुप्पट. साखर मिक्सरमधून जराशी फिरवून बारीक करावी, आणि फेस मऊ उभा राहूं लागल्यावर चमचा चमचा घालावी. आरंभींच सगळी साखर ओतली तर फेस चढण्यास फार वेळ लागतो. अगदीं शेवटीं घातली तर ती विरघळत नाहीं व भाजतांना पाकाचे थेंब होऊन बाहेर पाझरते. दोन बोटांत मिश्रण चोळून पाहावें. कचकच लागली नाहीं म्हणजे झालें. मग कागदावर चमच्यानें गोळे घालून ओव्हन १०० अंशांवर ठेवून दीड ते दोन तास तें वाळूं द्यावें. मीं 'वाळूं द्यावें' म्हटलें तें जाणूनबुजून. मेरिंग भाजावयाचें नसतें, वाळवावयाचें असतें. तें तांबूस होऊं लागलें तर आंच अधिक आहे असें समजावें. ओव्हन बंद केल्यावरहि तें आंतच निवूं द्यावें.

तरीहि आषाढ-श्रावणांत कोंकणपट्टींत आणि मुंबईंत मेरिंग करण्याच्या भरीस पडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. साखर हवेंतील ओल शोषून घेते, आणि सकाळीं पापडासारखें असलेलें मेरिंग दुपारीं चिकट होतें. घट्ट झांकणाच्या डब्यानें थोडा बचाव होतो, पुरता नाहीं. त्या दिवसांत पांढरें उरलें तर वर सांगितलेलीं 'हिमांतलीं अंडीं' करावींत, कारण त्यांस कोरडेपणाची गरज नाहीं. अथवा लिंबाच्या टार्टवर त्याचा थर द्यावा. या टार्टमध्येंहि दोन्ही हिशेब एकत्र मिटतात, कारण खालच्या लिंबाच्या कालवणांत बलक जातात व वरच्या फेसांत पांढरें. तेथें इटालियन रीतीचें मेरिंग चांगलें. त्यांत कोरड्या साखरेऐवजीं गोळीबंद पाक, म्हणजे ११८ ते १२० अंशांचा, फेसावर बारीक धारेनें ओतीत फेटावें लागतें. पाकाची ही ओळख आपल्या बायकांस लाडवांमुळें उपजत असल्यानें, पुस्तकें ज्यास कठीण म्हणतात तें त्यांस सोपें जातें.

आतां एक्लेअरकडे. त्याचें कवच ज्या पिठाचें करितात त्यास फ्रेंचांत 'शू' म्हणतात. नांव परकें असलें तरी कृति आपल्या ओळखीची आहे. ती मैद्याची उकडच आहे. पाव लिटर पाण्यांत १०० ग्रॅम लोणी व चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी, १५० ग्रॅम मैदा एकदम टाकून मोदकाच्या उकडीप्रमाणें घोटावें, आणि गोळा भांड्यापासून सुटून तळाशीं पातळ साय धरूं लागली कीं उतरवावें. किंचित निवल्यावर एकेक अंडें घालून एकजीव करीत जावें. साधारणपणें चार अंडीं, म्हणजे २०० ग्रॅम, लागतात. पण चौथें अंडें कधींहि एकदम घालूं नये. तें वाटींत फेटून चमच्याचमच्यानें घालावें. पीठ पळीवरून जड पट्टीसारखें सावकाश ओघळूं लागलें कीं थांबावें. मैदा किती सुकला यावर हें अवलंबून असतें, आणि मैद्याचा सुकेपणा पुस्तकाच्या लेखकास ठाऊक नसतो. वाटींत जें चमचा-दोन चमचे अंडें उरतें, त्यांत थोडें दूध मिसळून तेंच कवचांवर चकाकीसाठीं लावावें. पुष्कळ जणी या चकाकीसाठीं नवें अंडें फोडतात व तीन चतुर्थांश टाकून देतात. त्याची कांहीं आवश्यकता नाहीं. लांबट कवचें २०० अंशांवर पंधरा मिनिटें, नंतर १८० वर आणखी पंधरा ते वीस मिनिटें भाजावींत. मध्यें दार उघडूं नये. आंतल्या वाफेनेंच तीं फुगलेलीं असतात, आणि कवच कडक होण्यापूर्वीं वाफ निवाली तर बसतात.

भरावयाच्या क्रीमसाठीं अर्धा लिटर दूध, चार बलक, १०० ग्रॅम साखर व ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. येथें मघांच्या उलट नियम आहे. नुसत्या बलकाचें कस्टर्ड उकळूं द्यावयाचें नाहीं. कॉर्नफ्लोअर घातलेलें क्रीम मात्र ढवळीत ढवळीत मिनिटभर उकळलेंच पाहिजे. पिष्टामुळें तें फाटत नाहीं. शिवाय बलकांत पिष्ट पचविणारें एक द्रव्य असतें. तें उकळीनें निष्क्रिय झालें नाहीं तर रात्रीं घट्ट दिसलेलें क्रीम सकाळीं पळीवाढें होऊन बसतें.

येथें चार पांढरीं उरलीं. ऋतु कोरडा असेल तर मेरिंग करावें. नसेल तर फ्रेंचांचा 'फिनान्सिये' करावा. सोन्याच्या विटेच्या आकाराचा हा लहान केक मला स्वतःला मेरिंगहून अधिक आवडतो. त्याची गंमत अशी कीं, पांढरें मुळींच फेटावें लागत नाहीं, त्यामुळें चार दिवसांचें शिळें, पातळ झालेलें किंवा गोठवून ठेवलेलें पांढरेंहि त्यांत निर्वेध चालतें. आणि त्याची चव ज्या 'तांबूस लोण्या'वर अवलंबून असते तें आपल्या घरीं आपोआप होतें. लोणी कढवतांना बेरी तांबूस होऊन खमंग वास सुटतो, त्या क्षणीं तें तूप बेरीसकट उतरवावें. फ्रेंच आचारी मुद्दाम करितो तें हेंच. १२० ग्रॅम पांढरें, १२० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम बदामाची पूड, ४० ग्रॅम मैदा हें सर्व पळीनें कालवून त्यांत १२० ग्रॅम लोण्याचें तें कढवलेलें, कोमट झालेलें तूप मिसळावें, व लहान साच्यांतून १९० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटें भाजावें. आमच्याकडे मुलें भांड्याच्या तळची बेरी साखर घालून खातात, त्या चवीचा हा परदेशी भाऊबंद आहे.

आतां वजनाविषयीं. वरील प्रमाणांत ठिकठिकाणीं ग्रॅम दिले आहेत ते हौसेनें नव्हेत. फ्रेंच पुस्तक 'चार अंडीं' म्हणतें तेव्हां त्याच्यापुढें युरोपच्या वर्गवारींतील मध्यम, म्हणजे कवचासह ५३ ते ६३ ग्रॅमचें, किंवा मोठें, ६३ ते ७३ ग्रॅमचें अंडें असतें. आपलें गांवठी कोंबडीचें अंडें पुष्कळदां चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतें. चाराच्या जागीं चारच घालणारीची शू फुगत नाहीं. मग ती पुन्हां नवीं चार फोडते, आणि दोष मात्र कोंबडीस देते. तराजू घ्यावा. पांढरें ३० ग्रॅम व बलक १८ ग्रॅम हीं दोन माणें पाठ असलीं म्हणजे कोणत्याहि अंड्याशीं व्यवहार करितां येतो.

एवढी योजना करूनहि कधीं तरी एक बाजू उरतेच. तेव्हां साठवणुकीचे नियम ठाऊक असावेत. पांढरें झांकणाच्या स्वच्छ बाटलींत फ्रीजमध्यें दोन ते चार दिवस राहतें. बलक न फुटूं देतां थंड पाण्यांत बुडवून तितकेच दिवस ठेवितां येतात. उघडे ठेवले तर वर कातडी धरते. बर्फाच्या कप्प्यांत पांढरें वर्षभर टिकतें, व वितळल्यावर पूर्वीसारखें फेसाळतेंहि. बलक मात्र तसेच गोठवले तर वितळल्यावर डिंकासारखे चिवट होतात. म्हणून चार बलकांस दीड चहाचा चमचा साखर, किंवा तिखट पदार्थांसाठीं चिमूटभर मीठ, मिसळून मगच गोठवावे. कच्च्या अंड्यांत रोगजंतु असण्याचा संभव असल्यामुळें, न शिजवलेल्या फेसाचे पदार्थ व लेप लहान मुलें, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांस देऊं नयेत. त्यांच्यासाठीं इटालियन रीतीचें मेरिंगहि पुरतें शिजलेलें समजूं नये. वर दिलेलें कस्टर्ड, उकळलेलें क्रीम व दोन तास वाळवलेलें मेरिंग यांस ही अडचण नाहीं.

ज्या घरीं अंडें चालत नाहीं तेथील मैत्रिणींसाठीं एक नवी गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१४ सालीं जोएल रोसेल नांवाच्या एका फ्रेंच गायकानें कडधान्यें शिजवलेलें पाणी पांढऱ्यासारखें फेटून पाहिलें, आणि तें फेसाळलें. काबुली चणे शिजवल्यावर उरणारें दाटसर पाणी थंड करून, एका पांढऱ्याच्या जागीं दोन मोठे चमचे या मानानें घेतलें, तर त्याचें मेरिंग होतें. फेटावयास वेळ अधिक लागतो, आणि चव किंचित निराळी लागते. पण उसळीसाठीं चणे शिजवतेवेळीं जें पाणी आपण ओतून देतों त्याचें तें होतें.

शेवटीं नाताळच्या आठवड्याचा एक हिशेब देतें. तो वहींत उतरून घेण्यास हरकत नाहीं. एक डझन अंडीं आणावींत. पहिल्या दिवशीं चार अख्खीं शूच्या कवचांत. त्याच दिवशीं आणखी चार फोडून त्यांचे बलक क्रीममध्यें, व पांढरें बाटलींत. दुसऱ्या दिवशीं बाटलींतल्या पांढऱ्याचे फिनान्सिये, किंवा हवा कोरडी असेल तर मेरिंग. उरलेल्या चारांचीं 'हिमांतलीं अंडीं' नाताळच्या जेवणास. पाहुणे अचानक कमी झाले व पांढरें उरलें, तर बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर तारीख आणि वजन लिहावें. नुसतें 'चार अंड्यांचें' असें लिहूं नये, कारण महिन्यानंतर तीं चार अंडीं केवढीं होतीं हें कोणालाच आठवत नाहीं.